परीक्षेला नसलेला ठिपका

प्रॅक्टिकलला उबवलेल्या अंड्याच्या कवचाला कात्रीनं खिडकी पाडली, तर आत पिवळ्या बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका धडधडत होता. पिल्लू अजून व्हायचं होतं, हृदय मात्र कामाला लागलं होतं.

शेजारच्या वैदेहीनं विचारलं, "मॅडम, याला धडधडायला कोण सांगतं?"

"ते परीक्षेला नाही. पुस्तकातली आकृती उतरवून घ्या."

माझं डोकंच सणकलं. जिवंत हृदयाकडे पाठ फिरवून त्याचं चित्र काढायचं, याला म्हणे जीवशास्त्र! अहो, कुणीही न शिकवता पहिला ठोका आपल्या सगळ्यांच्याच छातीत पडला. मॅडमच्याही. तेव्हा कुठली परीक्षा होती?

आकृत्यांवर सह्या झाल्या. "चला, अंडी बादलीत ओता."

वैदेही जागची हलली नाही. तिच्या अंड्यातला ठिपका अजून धडधडत होता.