तालमीला आलेले इटालियन काका
कडक कॉफीचा वास आला की अमेरिकेत पार्सिपनीतलं आमचं बेसमेंट आठवतं. मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालली होती आणि शेजारचे इटालियन काका कॉफीचा थर्मास घेऊन बघायला आले होते. इटलीतली रंगभूमी, सिनेमा गाजवलेले हे म्हातारे नट, मराठीचं अक्षर कळत नसताना, तासभर टक लावून बसले. मी इंग्रजीत विचारलं, “बेस्ट ॲक्टिंग कोणाची?” त्यांनी मागे हसत हसत चिवडा वाढणाऱ्या माझ्या आईकडे बोट दाखवलं. “अहो, ती नाटकात नाहीये!” मी गोंधळून म्हटलं. “माहितीये,” ते म्हणाले. आई भारतातून सहा महिन्यांसाठी आली होती आणि करमतंय का विचारलं की “मजेत आहे गं” म्हणायची. अजूनही व्हिडिओ कॉलवर ती तेच म्हणते, तशीच हसते, आणि मी काकांसारखी टक लावून बघते. पण मला काही कळत नाही.