हार घातलेला सर्व्हर
झेंडूचा वास आला की मला दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधला दसऱ्यानंतरचा तो दिवस आठवतो. परदेशी गिऱ्हाईकाचा करार मेलने यायचा होता, पण फाइल मोठी म्हणून आमचा नवा सर्व्हर ती परत पाठवत होता. नोकरीत अजून कायम न झालेल्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमनी फाइलच्या आकाराची मर्यादा वाढवली, सर्व्हर बंद करून चालू केला, तरी फाइल परतच जाई. मालक म्हणाले, "मॅडम, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर मी दुसरा माणूस बघतो." शेवटी मॅडमनी सर्व्हरची वायरच काढून टाकली, आणि तरीही मेल परत गेला. म्हणजे उत्तर दुसरंच कोणीतरी देत होतं. शोधत आम्ही स्टोअरमध्ये गेलो, तर तिथे कुंकू लावलेला, हार घातलेला जुना सर्व्हर सुरू होता. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता नव्यासारखाच आणि मर्यादा मात्र जुनी. स्टोअरचे काका म्हणाले, "बंद मशीनची काय पूजा करायची? मीच वायरी जोडून चालू केला. चुकलं का काही?" "नाही काका, आता त्याला आराम द्या," म्हणत मॅडमनी तो त्यांच्याच हातून बंद करवला. फाइल आली. मालकांनी कारण विचारलं तेव्हा त्या "वायरींचा घोळ होता" एवढंच बोलल्या. स्वतःची नोकरी पणाला लागली असताना मला काकांचं नाव पोटात ठेवता आलं असतं का, हे मी अजूनही खात्रीने सांगू शकत नाही.