मंगलताईंनी बंद पडू न दिलेलं मंडळ

मंगलताई गेल्याचा फोन नाशिकहून त्यांच्या भावाने केला, तेव्हा इथे आखातात, एगैलातल्या माझ्या घरी युवा मंडळाच्या नाटकाची तालीम चालली होती. मी मुलांना सांगितलं. थोड्या वेळाने आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचाही फोन आला. "वहिनी, प्रयोग रद्द करू. दुखवट्यात नाटक बरं दिसत नाही." फोन स्पीकरवर होता. माझ्याआधी मुलांतली रियाच तिच्या मराठीत बोलली, "काका, रद्द नाही होणार. मावशीला चालला नसता." पलीकडून फोन बंद झाला आणि मुलं पुन्हा आपापल्या जागी उभी राहिली.

हे युवा मंडळ म्हणजे इथेच जन्मलेली, इथल्या कॉलेजांत शिकणारी मराठी मुलं. काही वर्षांपूर्वी ते जवळजवळ संपलं होतं. गणपतीला मुलं यायची, खुर्च्या लावायची आणि पुढच्या कार्यक्रमाला निम्मी गायब असायची. "मुलांना इंटरेस्टच नाही, तर चालवायचं कशाला?" असं बैठकीत ठरतच आलं होतं. मंगलताई इथल्या एका रुग्णालयात नर्स, माझ्या शेजारीण, एकट्या राहणाऱ्या. एरवी बैठकीत गप्प असत. त्या दिवशी मात्र उठल्या. "तुम्ही त्यांना सतरंज्या उचलायला बोलावता आणि भाषणं ऐकायला बसवता. त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते. द्या माझ्याकडे, मी चालवते." अध्यक्ष हसून म्हणाले, "घ्या की!" त्यांना वाटलं, दोन महिन्यांत दमतील. ताई दमणाऱ्यांतल्या नव्हत्या.

रिया तेव्हा मंडळ सोडून गेली होती. ताई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. "मला मराठी नीट येत नाही, आंटी. एव्हरीबडी लाफ्स," ती म्हणाली. मला वाटलं, आता ताई मराठीचे वर्ग सुरू करतील. त्या म्हणाल्या, "मग पुढचं नाटक तूच लिही. आणि मला आंटी म्हणू नकोस, मावशी म्हण." प्रत्येकाला त्यांनी असंच काहीतरी दिलं, जे तो आला नाही तर अडून राहील. कुणाला प्रकाशयोजना, कुणाला संगीत. मदतनीस म्हणून कुणालाच ठेवलं नाही.

त्या नाटकाच्या प्रयोगाच्या दिवशी रियाने आपलंच वाक्य म्हटलं आणि पुढच्या रांगेत हशा पिकला. वाक्यात विनोद नव्हता, फक्त एका शब्दाचं लिंग चुकलं होतं. मंगलताई विंगेतून सरळ रंगमंचावर आल्या. "ही मुलगी इंग्रजीत सहज बोलली असती. तुमच्यासाठी तिने अवघड भाषा निवडली. ज्यांना हसायचंय त्यांनी पुढचं नाटक लिहून आणावं. रिया, ते वाक्य पुन्हा घे." रियाने घेतलं. तसंच, त्याच चुकीसकट, पण मोठ्याने. त्यानंतर सोडून गेलेली मुलं एकेक करून परत यायला लागली.

मग आजार आला. नोकरी सोडावी लागली, आणि नोकरी नाही म्हणजे इकामा नाही. नोकरीची सगळी वर्षं ज्या गावात काढली, तिथे राहायची परवानगीच संपली. विमानतळावर मुलं रडायला लागली, तशा त्या खेकसल्या, "रडायला नाशिकला माणसं आहेत माझी. तुमची आज तालीम आहे ना? मग इथे काय करताय?"

ताई गेल्यावरही नाटकाचा प्रयोग ठरल्या दिवशी झाला. अध्यक्ष आले, शेवटपर्यंत बसले. मुलांनी शोकसभा घेतली नाही, फोटोला हारही घातला नाही. काहींना ते आवडलं नाही. नसो आवडलं.

ताईंची एक रीत मात्र मुलांनी उचलली आहे. जो तालमीला येत नाही, त्याच्या घरी शुक्रवारी जायचं आणि का आला नाहीस, हे अजिबात विचारायचं नाही. गेल्या शुक्रवारी मी रियाला घेऊन अर्दियाला, तालमीला येईनासा झालेल्या अथर्वच्या घरी गेले. त्याने दार अर्धवट उघडलं आणि आधीच सांगून टाकलं, "आय ॲम नॉट कमिंग बॅक, ओके?"

रिया चपला काढून आत शिरली. "तुला कोण बोलावतंय? चहा टाक."

तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने आतून विचारलं, "साखर किती?"