काकाजींच्या मोटारीचा रिव्हर्स

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली तेव्हा तिला माझं सगळं ठाऊक होतं — माझी भांडणं, माझा तोंडाळपणा, जिनिंगच्या मॅनेजरशी झालेली मारामारीसुद्धा. एवढं एक सोडून. तोंडाशी आलं नाही असं नाही. यायचं आणि परत खाली जायचं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, उद्या बाजारात भेटणार नाही — म्हणून कदाचित आज सांगू शकेन. पाहू.

आधी एक लक्षात घ्या. मी भोळाभाबडा माणूस नाही. मी आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो आणि मला माझ्या हाताची भारी घमेंड होती. बंद पडलेलं इंजिन दिसलं की माझी छाती फुगायची. कोणी म्हणालं की हे आता होत नाही, तर मी ते करणारच. आणि करून झालं की चार लोकांनी पाहिलं पाहिजे, वाहवा केली पाहिजे. ती घमेंड नसती तर हे काही घडलंच नसतं, एवढं मला कळतं.

मनोहर माझा शाळेपासूनचा दोस्त. तो रोहण्याचा, घरची शेती, स्वतः प्राथमिक शाळेत मास्तर. त्याच्या वडिलांना सगळा गाव काकाजी म्हणायचा, मीही. काकाजी म्हणजे पायांवर जगणारा माणूस. गांधीजी होते तेव्हा रोहण्याहून सेवाग्रामला प्रार्थनेसाठी पायी जायचे, वाटेत कुठल्याही ओसरीवर मुक्काम करायचे आणि परतही पायीच यायचे. दमणीत बसा म्हटलं तर म्हणायचे, बैलाचे पाय झिजवून मी काऊन पुण्य कमवू?

अशा माणसाला मोटारीचा नाद कसा लागला? त्याला कारण गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी गेली तसा त्याचा थाट गेला, आणि त्याच्या गोठ्यात एक विलायती मोटार धूळ खात पडली. इवलीशी. लोक तिला बेबी म्हणायचे. कधीतरी उन्हाळ्यात पाणी न घालता पळवल्यामुळे तिचं इंजिन तडकलं होतं, आणि सुटे भाग मिळायची काही सोय नव्हती. आत कोंबड्या अंडी घालत. मालगुजारानं ती काकाजींना देऊन टाकली, कोंबड्यांसकट म्हटलं तरी चालेल. काकाजींनी मला बोलावून तिच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरा, हे बसल्या जागी मरून राह्यली. तू हिले चालवून दाखव, मंग मानतो तुले."

मंग मानतो तुले! माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?

त्या दिवसांत लढाईत वापरलेल्या फटफट्या लिलावात निघत. तसली एक मोडकी फटफटी कामठीकडून आली, आणि मी ठरवलं की तिचं इंजिन या मोटारीत घालायचं. मोटारीच्या पुढे ते बसेना. म्हणून मागची सीट काढून तिथं बसवलं आणि साखळीनं मागच्या चाकांच्या दांड्याला जोडलं. फटफटीची किक दाराच्या बाजूला यावी, म्हणजे बाहेर उभं राहून मारता येईल, यासाठी मी इंजिन उलटं फिरवून बसवलं. हुशारी! मनोहर शाळा सुटली की यायचा, पाना धरायचा, कौतुकानं पाहत राहायचा.

इंजिन उलटं बसवलं की चाक उलटं फिरणार, हे शेंबड्या पोराला कळेल. मला कळलं नाही? आता काय सांगू तुम्हाला. जिनिंगमध्ये आमचं सगळं चामड्याच्या पट्ट्यांवर चाले. एका मोठ्या इंजिनावरून पट्टे निघायचे आणि यंत्रं फिरायची. एखादं यंत्र उलटं फिरायला लागलं तर पट्टा काढायचा, त्याला एक पीळ द्यायचा, परत चढवायचा — सुलटं फिरू लागतं. वर्षानुवर्षं हेच केलेलं. त्यामुळे कोणत्या दिशेनं फिरेल हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी यायचाच नाही. पण साखळीला पीळ देता येत नाही हो. साखळी म्हणजे पट्टा नव्हे.

दसऱ्याला मोटारीची पूजा करायची असं काकाजींनी गावभर सांगून ठेवलं होतं. आदल्या दुपारी मनोहर झेंडूची फुलं आणायला गेला आणि मी एकट्यानं मागची चाकं लाकडाच्या ठोकळ्यांवर उचलून इंजिन सुरू केलं. गिअर टाकला. चाकं फिरली! मी आनंदानं ओरडलोच असेन. आणि मग पाहिलं. चाकाची वरची बाजू पुढे जायची सोडून मागे येत होती. मी इंजिन बंद केलं, परत सुरू केलं, परत पाहिलं. जणू दुसऱ्यांदा पाहिल्यानं ते सुधारणार होतं.

म्हणजे ही गाडी पुढे जाणारच नव्हती. कोणताही गिअर टाका, मागेच. आणि फटफटीला रिव्हर्स गिअर नसतोच, त्यामुळे त्याचा उलटा उपयोग करावा तर तेही नाही.

दुरुस्त करायचं तर इंजिन काढून सगळा सांगाडा नव्यानं जोडायचा. एका रात्रीत ते होणं शक्य नव्हतं. काकाजींना सांगायचं? मनोहरला? सगळं गाव येणार, मालगुजार येणार, आणि आर्वीचा नामी फिटर उलटी चालणारी मोटार दाखवणार — पिढ्यान्‌पिढ्या हसतील. मी ठरवलं, उद्या गाडी जागची हलवायचीच नाही. इंजिनाचा आवाज ऐकवू, हार घालू, नारळ फोडू. दसरा झाला की काढून सरळ करू. कोणाला काय कळतं? मनोहर फुलं घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "झालं ना बे सगळं?" मी म्हणालो, सगळं झालं. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून ऐटीत दाखवलंही — समोर ढकलला की चालते. बाकीच्या गिअरांबद्दल काही बोललो नाही. पुऱ्या मोटारीसारखी मोटार आहे असं त्याला वाटावं, हेच मला हवं होतं.

दसऱ्याला काकाजी धुतलेलं धोतर नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन आले. मी बाहेर उभा राहून किक मारली. माझ्याच पायानं. इंजिन धडधडू लागलं, पोरंसोरं नाचायला लागली. मला वाटलं, जमलं.

मग मनोहरच्या आईनं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

लिंबू माझ्या डोक्यातच नव्हतं! आपल्याकडे गाडीची पूजा म्हणजे चाकाखालचं लिंबू चिरडायचं, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी घाईघाईनं म्हणालो की आज राहू द्या, ढकलून चिरडू. काकू म्हणाल्या, "ढकलून? मंग हे इंजन कायले बसवलं?" सगळे हसले. मीही हसलो. आणि तोवर मनोहर स्टिअरिंगवर जाऊन बसला होता.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण मी हेच लपवलं आहे. मनोहर सावध माणूस. गाडी सुटून पुढच्या लोकांच्या अंगावर जाऊ नये म्हणून तो खिडकीतून ओरडला, "समोरून हटा सगळे! मांगं जा, मांगं! बाबा, तुमीबी मांगं उभे राहा." लोक गाडीच्या मागे गेले. काकाजी गेले. मागे काकाजींच्या गोठ्याची दगडी भिंत होती. मी त्यांना जाताना पाहिलं. मला ठाऊक होतं गाडी कुठं जाणार आहे. त्या सगळ्या लोकांत मला एकट्याला ठाऊक होतं.

आणि मी गप्प उभा राहिलो.

काऊन? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. ओरडायला वेळ नव्हता? होता. मनोहरनं दोनदा मागे वळून पाहिलं, काकाजी धोतर सावरत भिंतीजवळ जाऊन उभे राहिले, एवढा वेळ होता. मला वाटलं इंजिन बंद पडेल. वाटलं नवखा आहे, क्लच नीट सोडणार नाही. हसतील, हसतील, एवढंच डोक्यात चाललं होतं. मी हसू होण्याला घाबरलो. बस.

मनोहरनं दांडा समोर ढकलला, आणि मोटार उसळून मागे गेली. बाकीचे उड्या मारून बाजूला झाले. काकाजी राहिले. जो आवाज आला तो इंजिनाचा नव्हता. मनोहर आत बसून समोर पाहत होता — समोर! मोटार मागे गेली हे त्याला कळायलाच वेळ लागला. काकाजी ओरडले नाहीत. भिंतीला पाठ टेकून खाली घसरले, आणि हातातली पानं तशीच मुठीत होती.

मी धावलो. पहिला पोचलो मी. आणि काकाजींना हात लावायच्या आधी मी काय केलं असेल? मी मनोहरकडे वळून ओरडलो, "मन्या, रिव्हर्स काऊन टाकला बे?"

मी हे ठरवलं नव्हतं, खरं सांगतो. पण ठरवून तरी याहून नेमकं काय सुचलं असतं? इतकं पुरं, इतकं तयार खोटं माझ्या आत कुठं बसलं होतं? त्या अपघाताचा धक्का कधीच ओसरला. या वाक्याचा ओसरत नाही. मनोहरनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आणि त्यानं मानलं. सगळ्या गावानं मानलं. त्या गाडीला रिव्हर्स नव्हताच, हे सांगू शकणारा तिथं मी एकटाच होतो.

मोटार दारात उभी, आणि काकाजींना वर्ध्याला नेलं बैलगाडीतूनच. पाय वाचला, गुडघा गेला. पुढे ते काठी आणि भिंत धरून अंगणापर्यंत यायचे, तेवढंच. काकाजींनी मनोहरला कधी बोल लावला नाही. फक्त तो शाळेत निघाला की खाटेवरून म्हणायचे, "मांगं पाहून चालजो, मास्तर." थट्टाच होती. सगळे हसायचे. मनोहरही हसायचा, पण त्याचा चेहरा उतरायचा, आणि मी तिथं बसून चहा प्यायचो.

मी इंजिन त्याच आठवड्यात काढून टाकलं, तुकडे करून भंगारात घातलं. म्हणालो, घरात असली अभद्र वस्तू नको. मनोहरनं माझे हात धरले. म्हणाला, तुले माझ्या मनातलं समजते.

त्यानं पुन्हा कधी कोणत्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. त्याच्या मुलानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा पूजेच्या दिवशी तो शेतात निघून गेला. काकाजींचं सगळं त्यानं स्वतः केलं, अंघोळ, मालिश, शेवटी पाणी पाजण्यापर्यंत. लोक म्हणत, असा मुलगा पाहिला नाही. मला ठाऊक होतं तो काय फेडत होता.

काकाजी गेले. मनोहरही गेला. त्याच्या आधी एकदा तो माझ्याकडे आला होता, म्हातारा होऊन. इकडचं तिकडचं बोलला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "गड्या, एक इचारू? तो रिव्हर्स कुठं होता? मले सारखं आठवते, मी दांडा समोर ढकललता म्हून. रिव्हर्स तं मांगं असन ना?"

इतकी वर्षं तो हे आठवत बसला होता. खरं सांगायला दार उघडं ठेवून उभा होता माझ्यासाठी.

मी म्हणालो, "हो. मांगं होता."

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग मान हलवली. "मंग मी मांगंच ओढला असन," म्हणाला. उठला, चपला शोधल्या, मी त्याला फाटकापर्यंत सोडलं.

त्यानं समोरच ढकलला होता. मी पाहिलं होतं.