झटकलेली तंबाखू

दुपारचं जेवण झालं की शेजारच्या गॅलरीत नाना तंबाखू मळत बसतात. अंगठ्याने चुना रगडतात, दोन थापट्या मारून भुकटी उडवतात आणि चिमूट ओठाखाली ठेवणार, एवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, माईंचा, आवाज येतो, "टाका आधी ती!" नाना चोरी पकडल्यासारखे हसतात आणि खरंच हात झटकतात.

मला माईंचा हेवा वाटतो. चांगला पोटात दुखेल असा.

आमच्या ह्यांना मीही तीस वर्षं ओरडले. ते मान डोलवायचे आणि कोपऱ्यावर जाऊन खाऊन यायचे. जबड्याचं ऑपरेशन झालं, बोलणं गेलं, तरी उशीखाली पुडी सापडली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्यांच्या आवडीच्या नारळाच्या वड्या मी पहाटे उठून केल्या होत्या, त्या ठेवल्या. मुलांना सांभाळीन म्हणून हात जोडले. तासभर एकही कावळा फिरकला नाही. शेवटी दिरांनी खिशातली तंबाखूची पुडी पिंडाजवळ ठेवली, आणि कावळा झेपावलाच. "सुटला बिचारा," सगळे म्हणाले. मी त्या पुडीकडे सवतीकडे बघावं तशी बघत राहिले.

आज माई कठड्यावरून म्हणाल्या, "रोज रोज सांगून कंटाळा आला हो."

"सांगत राहा," मी म्हटलं.

नानांनी झटकलेली तंबाखू माझ्या गॅलरीत उडून आली होती. झाडायला वाकले, तर आमच्या ह्यांचा वास आला.

वाससुद्धा त्या सवतीनेच ठेवून घेतलाय.