सूचीची पानं कोण कापतं?

दिल्लीत पुस्तक मागून वाचतात. अक्षरशः मागून! आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी नवीन पुस्तकं टेबलावर मांडली की बघावं. इतिहास, राजकारण, चरित्रं, आठवणी. रिटायर झालेले साहेब लोक मफलर सोडवत येतात, पुस्तक उचलतात आणि सरळ शेवटची पानं उघडतात. नामसूची! आधी स्वतःचं नाव, मग जुन्या बॉसचं, मग ज्याच्याशी जन्मभर वाकडं होतं त्याचं. नाव सापडलं तर पुस्तक घरी जातं. नाही सापडलं तर "छे, वरवरचं लिहिलंय" असं म्हणून खाली ठेवतात. एका गृहस्थांचं नाव एकदा कुठल्याशा तळटीपेत निघालं, तर त्यांनी पुढच्या रविवारी पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले.

या वाचनालयासाठी पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आहे आणि सूची नसलेलं चरित्र मी घेत नाही. कार्यवाह दरवेळी कुरकुरतात. कादंबऱ्या घ्या म्हणतात, पाककृती घ्या म्हणतात, बायका वाचतील म्हणतात. मी बाईच आहे ना? मला बनवलेल्या गोष्टी वाचवत नाहीत. जे घडलं ते सांगा, कुणी केलं ते सांगा, आणि कशावरून म्हणता तेही सांगा. माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, अजून थोडी शिल्लक आहे. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दूधवालासुद्धा मला घाबरून असतो. नवरा म्हणतो, तुझा देवावर तरी विश्वास आहे का? मी म्हणते, कागद दाखवला तर ठेवीन.

तर अशा माझ्या हातात एका रविवारी एक जाडजूड राजकीय चरित्र परत आलं आणि त्याची सूची गायब होती. फाटलेली नव्हती. ब्लेडनं, पट्टी धरून, शिवणीपासून नीट कापलेली होती. पुस्तक नुसतं चाळलं असतं तर कळलंही नसतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! कोरं पुस्तक, पुण्याहून मागवलेलं, मी स्वतः कव्हर घातलेलं. कार्यवाह म्हणाले, "जाने दो ना, पुस्तक तर पूर्ण आहे." पूर्ण कसलं? दिल्लीत सूची नाही तर पुस्तकाला अर्थ काय?

आधी माझा संशय कार्यवाहांवरच गेला. यांना माझी पुस्तकं नकोच आहेत, काहीतरी खोडी काढतात. मग वाटलं, प्रकाशकानंच सदोष प्रत पाठवली असेल. पण थोड्याच दिवसांत दुसरं पुस्तक तसंच परत आलं, आणि मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसले. दोन्हींत एक गोष्ट समान होती. एका दिवंगत केंद्रीय मंत्र्यांवर दोन्हींत भरपूर मजकूर होता. बाकी कुठल्याही पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता. आता मला सांगा, याला योगायोग म्हणायचं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि त्या मंत्र्यांचे एके काळचे खासगी सचिव आमचे सभासद होते. नोंदवहीत दोन्ही पुस्तकांपुढे शेवटचं नाव त्यांचंच होतं.

सगळे त्यांना काका म्हणतात. ऐंशीच्या आसपासचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. मुलीकडे गुरुग्रामला राहतात आणि दर रविवारी मेट्रोनं आयएनएला उतरून चालत येतात. कमी बोलतात. पुस्तक निवडतात, "येतो हं" म्हणतात आणि जातात. इतकी वर्षं मला ते सज्जन वाटत होते. आता मी त्यांच्याकडे निराळ्या डोळ्यांनी बघायला लागले. एवढं गप्प राहायचं कारण काय? दिल्लीत मंत्र्याजवळ राहिलेला माणूस गप्प बसतो का कधी? आणि एक गोष्ट तर मला आधीच खटकायला हवी होती. टेबलाशी उभं राहून मागची पानं न उघडणारे ते एकटेच होते. बघायची गरज नाही, कारण काय आहे ते ठाऊक आहे, असा मी हिशोब लावला. नक्कीच काहीतरी भानगड झाली असणार त्या काळात. त्यात यांचं नाव येत असणार, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून हे ब्लेड चालवतात. माझी खात्रीच पटली.

म्हणून मी सापळा लावला. त्याच मंत्र्यांचं नवीन चरित्र आलं होतं. ते मी टेबलावर न ठेवता आधी घरी नेलं. सूची बघितली तर काकांचं नाव नाही! कुठेच नाही. मग मला वाटलं, नाव न घेता लिहिलं असेल, म्हणून अख्खं पुस्तक वाचून काढलं. नवऱ्याला दोन दिवस खिचडी खावी लागली. काका त्यात नव्हतेच. ज्या निवेदनामुळे ते मंत्री देशभर गाजले, त्या निवेदनावर एक मोठं प्रकरण होतं, त्यातही नाही. तिथे सरळ लिहिलं होतं, की मंत्र्यांनी ते निवेदन एका बैठकीत स्वतःच्या हातानं लिहून काढलं. मी चक्रावले. नावच नाही तर माणूस लपवतोय काय?

रविवारी पुस्तक टेबलावर ठेवलं. काकांनी ते उचललं, मागे न बघता पिशवीत घातलं. "येतो हं."

पुढच्या रविवारपर्यंत थांबायला माझ्यात दम नव्हता. मधे एक सुट्टी आली, त्या दुपारी मी मेट्रो पकडली. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. तो म्हणाला, "कुठली मैत्रीण?" याला बरोबर तेव्हाच संशय येतो.

गुरुग्रामच्या त्या सोसायटीच्या गेटवर गार्डनं मला असं काही विचारलं, जसं काही मीच ब्लेड घेऊन आले होते. किसके यहाँ, क्यों, मोबाइल नंबर. तेवढ्यात काकांची मुलगी हातात भाजीच्या पिशव्या घेऊन आली. मला ओळखलं नाही, पण वाचनालयाचं नाव काढल्यावर एकदम खूश झाली. "अरे मावशी, चला ना वर! बाबा किती सांगतात तुमच्या बुक्सबद्दल." लिफ्टमध्ये ती सांगत होती की आईला आता दिसतच नाही जवळजवळ, उजेड-अंधार कळतो तेवढाच. त्यामुळे रोज दुपारी बाबा वाचून दाखवतात. दार तिनं स्वतःच्या किल्लीनं उघडलं आणि हळूच म्हणाली, "रीडिंग चालू आहे. पाच मिनिटं बसाल? मध्ये बोललेलं आईला आवडत नाही. माझा ऑफिसचा कॉल आहे, आप बैठो आरामसे." आणि ती कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत गेली.

मी बाहेरच्या सोफ्यावर बसले. पडद्यापलीकडून काकांचा आवाज येत होता. माणूस एवढं स्वच्छ वाचू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते निवेदनाचंच प्रकरण वाचत होते. मी नुकतंच वाचलेलं, त्यामुळे वाक्य न् वाक्य मला ओळखीचं होतं. विरोधकांचा गदारोळ, मंत्र्यांची येरझार, बंद दार. मग काका वाचू लागले, "हे निवेदन मंत्र्यांच्या खासगी सचिवानं लिहिलं. तीन दिवस तो माणूस कार्यालयातून हलला नाही. मंत्र्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही."

मी ताडकन उठले. हे पुस्तकात नाही! असं काहीही पुस्तकात नाही! हा माणूस बायकोला खोटं वाचून दाखवतोय! छापलेल्या पुस्तकात, मी निवडून आणलेल्या पुस्तकात, स्वतःला घुसवतोय! मला इतका संताप आला की पाच मिनिटं वगैरे विसरून मी पडदा सरकवून आत गेले.

काकांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला. हातातलं पुस्तक त्यांनी मिटलंही नाही.

"कोण आलंय?" खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या काकूंनी विचारलं. बारीक अंगकाठी, गळ्याशी शाल. मी वाचनालयाची म्हटल्यावर त्यांनी माझ्या दिशेनं दोन्ही हात पुढे केले. "तुम्हीच का पुस्तकं निवडता? बसा, बसा. बरं झालं आलात. मला तुम्हालाच एक विचारायचं होतं."

मी बसले. काकांकडे बघत होते. ते पुस्तकाकडे बघत होते.

"हे वाचतात ना," काकू म्हणाल्या, "मंत्र्यांवरच्या प्रत्येक पुस्तकात यांचं काही ना काही निघतं. पण मला सारखा संशय येतो हो. तो भाग आला की यांचा आवाज बदलतो. म्हणून मी लेकीला म्हटलं, तुला एवढं जाड मराठी वाचवत नाही तर नको वाचू, नुसतं मागे सूचीत बाबांचं नाव बघ, आणि त्या पानावर काय आहे ते सांग. तर ही म्हणते, आई, या पुस्तकाला सूचीच नाहीये. आणि दुसऱ्याला? तर म्हणे त्यालाही नाही. असं कसं? तुम्ही सूची नसलेलं पुस्तक घेत नाही असं हेच मला सांगतात."

तर ब्लेड कुणासाठी चाललं होतं ते मला कळलं. आणि तरीही माझा राग गेला नव्हता, हे मी स्पष्ट सांगते. खोटं ते खोटं. मी तोंड उघडणारच होते.

"तुम्हाला वाटेल, म्हातारीला एवढी काय नावाची हौस," काकू म्हणाल्या. "हौस नाही हो. त्या निवेदनाच्या वेळी मी हॉस्पिटलात होते. आमचा पहिला मुलगा. इथे दिल्लीत आपलं माणूस कुणी नाही. ऑफिसात निरोपावर निरोप गेले, हे आले नाहीत. आले तेव्हा बाळ राहिलं नव्हतं. मी इतकी वर्षं यांना एवढंच विचारत आले, की तुम्ही तिथे करत काय होतात? हे म्हणायचे, लिहीत होतो. मी म्हणायचे, अहो, लिहिलं तर मंत्र्यांनी. पेपरात तसंच आलं होतं."

आतून मुलीचा कॉलवरचा आवाज येत होता, येस, येस, बिल्कुल.

"तुम्ही वाचलंय ना हे पुस्तक?" काकूंनी विचारलं. "आणि तुम्ही ऑडिटवाल्या. खोटं बोलणार नाही. आहे का तिथे? यांनी लिहिलं असं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. विनवणी केली असती तर मी बहुतेक खरं सांगून मोकळी झाले असते, माझा स्वभावच तसा. पण ते नुसते बसून राहिले, ज्याचं काय व्हायचं ते आता दुसऱ्याच्या हातात आहे अशा माणसासारखे. मी त्यांच्या मांडीवरून पुस्तक उचललं. तेच पान उघडं होतं. मंत्र्यांनी एका बैठकीत स्वतःच्या हातानं लिहून काढलं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, कशावरून? त्याला तळटीप नव्हती. आधार नव्हता. बैठकीला कोण हजर होतं, कागद कुणी बघितला, काही नाही. माझ्या टेबलावर एखाद्या खात्यानं असं वाक्य पाठवलं असतं तर मी लाल शाईनं परत पाठवलं असतं. इथे मात्र छापलेलं आहे म्हणून मी मान डोलावून पुढे गेले होते. काका खोटं वाचत होते हे मी ऐकलं होतं. पण लिहीत होते हे खोटं कशावरून? आणि खरं तरी कशावरून? मला काहीच ठरवता येईना.

"आहे का?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"दाखवा."

मी उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेले, पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं बोट हातात घेतलं. गार होतं. ते मी त्या वाक्यावर टेकवलं, मंत्र्यांनी स्वतःच्या हातानं लिहिल्याच्या त्या वाक्यावर, आणि उजवीकडे पूर्णविरामापर्यंत नेलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

काकूंनी बोट परत मागे आणलं, स्वतःच एकदा ओळभर फिरवलं आणि तिथेच थांबवलं.

"एवढीच ओळ?" त्या म्हणाल्या.

"एवढीच, काकू."