चाकामागचा अंगठा

उजव्या हाताचा अंगठा वर करून भाऊ आधी स्वतःच त्याच्याकडे बघायचे, मग समोरच्याकडे. "लोक नशीब नशीब करतेत," ते म्हणायचे, "हे पाहा नशीब." एरवी अंगठा दाखवणं म्हणजे नाही म्हणणं. त्यांचं तसं नव्हतं. अंगठा जाड होता, नख अर्धं चपटं झालेलं. माझ्या बोर्ड रंगवण्याच्या दुकानाला लागून त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे दिवसातून एकदा तरी तो मला बघावा लागे. पंक्चर काढायला आलेला परगावचा माणूस बिचारा गोंधळून जाई. गावातल्यांना मात्र काही सांगावं लागत नसे.

कारण सायकलींच्या आधी भाऊ जत्रेत चक्री फिरवत. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणे. आमच्या यवतमाळकडच्या त्या काळातल्या जत्रा तुमच्यापैकी कोणी पाहिल्या असतील, तर चक्री वेगळी सांगायला नको. खांबावर बैलगाडीच्या चाकाएवढं लाकडी चाक, त्यावर चित्रं, कडेला खिळे आणि वर चामड्याची जीभ. चित्रावर आणा-दोन आणे लावायचे, चाक टकटकत फिरायचं, आणि जीभ ज्या चित्रावर थांबेल त्याला चौपट. कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आलेला असे. त्यातून माणूस नारळ फोडून देवळाबाहेर आला, की देव आता आपल्याच बाजूचा आहे असं त्याला वाटे. कळंब, राळेगाव, पार उमरखेडपर्यंत भाऊंची चक्री जाई. आणि जुगाराला नावं ठेवणार तरी कोण? पोळ्याला पत्ते न कुटणारा माणूस आमच्याकडे आजारी समजत.

चाकावरची चित्रं मी रंगवायचो. घोडा, राणी, मोटार, तराजू, हत्ती. दर मोसमाला रंग उडायचा आणि दर मोसमाला त्यांची एकच अट असायची. "हत्ती हासता पाह्यजे, पेंटर. हारणाऱ्याले बी बरं वाटलं पाह्यजे." हसरा हत्ती काढणं सोपं नसतं, एकदा काढून बघा.

हरणारे पुष्कळ होते. तेलीपुऱ्यातले एक घाणेवाले मनगटावरचं घड्याळ घोड्यावर लावून हरले होते. तेव्हापासून चक्रीच्या मागे काहीतरी भानगड आहे, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. त्यांचं म्हणणं खरंच होतं. चाकाच्या मागे, आसाला लागून, लाकडाची एक पट्टी होती. खांबाला सहज टेकून उभं राहायचं आणि पट्टीवर अंगठा दाबायचा, की चाक हवं तिथे थांबे. हे मला भाऊंनीच सांगितलं, पण चक्री सोडल्यानंतर.

सोडली ती छप्पन साली. नागपूरला दीक्षा घ्यायला आमच्या गावातून बरीच घरं गेली, त्यात भाऊ होते आणि वहिनीही होत्या. परत आल्यावर त्यांनी चक्री घराच्या माळ्यावर टाकली आणि उसनवारी करून सायकलींचं दुकान टाकलं. देव सोडले हे गावाला समजत होतं, चालता धंदा का सोडला हे समजेना. मी एकदा विचारलं. ते चाकाची तार पिळत होते.

"खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घेतली ना," ते म्हणाले. "तोंडानं मी कधी खोटं बोल्लो नाही, पेंटर. पण अंगठा रोजच बोलत होता."

आता सव्वीस जानेवारीची गोष्ट. त्या दिवशी गावात मिरवणूक निघे. प्रत्येक मोहल्ल्याची एक सजवलेली बैलगाडी, लेझीम, ताशे आणि सर्वांत पुढे झेंड्याची गाडी. झेंड्याची गाडी कायम पाटीलपुऱ्याची. का, तर त्यांचे बैल मोठे. दीक्षा घेतलेली घरं राहत त्या नव्या वस्तीची गाडी सर्वांत शेवटी, आणि तिच्या मागे कमेटीची कचऱ्याची गाडी. कमेटी म्हणजे आमची नगरपालिका. एका वर्षी वस्तीतल्या पोरांनी कमेटीत जाऊन सांगितलं, की झेंडा सगळ्यांचा आहे तर एकदा आमच्याही गाडीवर लागू द्या, नाहीतर आम्ही मिरवणुकीतच येत नाही. बरीच तणतण झाली. चिठ्ठ्या टाकू म्हटलं तर चिठ्ठ्या लिहिणाऱ्यावर कोणाचा भरवसा नाही. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, की आणा मग भाऊची चक्री. सगळे हसले. पण दुसरं काही कोणाला सुचलं नाही आणि तेच ठरलं. घाणेवाल्यांनी तेवढी अट घातली, की चाक फिरताना ते स्वतः मागे उभे राहतील.

मी चित्रांवर पांढरा रंग मारून मोहल्ल्यांची नावं लिहिली. नवी वस्ती हत्तीवर आली. रंग पातळ होता, सोंडेचं टोक खालून दिसतच राहिलं.

चाक फिरणार त्याच्या आदल्या दिवशी वस्तीतली पोरं भाऊंच्या दुकानात आली. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं. जत्रेत स्वतःसाठी इतक्या वेळा अंगठा दाबला, आता एकदा वस्तीसाठी दाबा, एवढंच त्यांचं मागणं होतं. भाऊंनी मान खाली घालून ट्यूब पाण्यात बुडवली. डबा घेऊन आलेल्या वहिनी मात्र बोलल्या.

"पोरं चूक नाही सांगून राह्यले. आपल्यासंग कोणी सरळ खेळलं कधी?"

खरं सांगतो, मलाही वाटत होतं की भाऊंनी दाबावा. इतकी वर्षं कचऱ्याच्या गाडीपुढे चालणाऱ्यांनी एकदा लबाडी केली, तर काय मोठं बिघडणार होतं?

दुसऱ्या दिवशी चौकात अख्खं गाव लोटलं. घाणेवाले चाकामागे जाऊन उभे राहिले. भाऊ आले, आसाशी हात घातला, खाचेतली पट्टी उपसून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ही पट्टी," ते म्हणाले. "हिच्यानंच तुमचे पैसे जात होते."

गर्दी पुढे सरकली. चाकामागून घाणेवाल्यांचा आवाज आला, "अन् माझं घड्याळ?"

"ते बी."

कोणीतरी फस्सकन हसलं, म्हणून बरं. नाहीतर त्या दिवशी भाऊंनी मारच खाल्ला असता. त्यांनी पट्टी अध्यक्षांच्या हातात दिली, आता तुम्हीच फिरवा म्हणाले, आणि लांब लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. चाक फिरलं, मंदावलं, नव्या वस्तीवर आलं, आणि एक खिळा पुढे जाऊन तेलीपुऱ्यावर थांबलं.

त्या वर्षी मिरवणुकीतून कचऱ्याची गाडी तेवढी काढून टाकली. वस्तीतल्या पोरांनी भाऊंच्या दुकानात सायकली आणणं बंद केलं. भाऊंना त्याचं वाईट वाटलं, ते लपवतही नव्हते. पण भेटेल त्याला सांगत, "हारलो. पण आजवरी आपल्याले खेळातच कोणी घेतलं नव्हतं. अन् चाक काय, पुढच्या साली बी फिरते." हळूहळू पोरं परत आली. फुकट हवा भरायला मिळत होती ती एका भाऊंकडेच.

पुढच्या वर्षी बाजारपेठेचं नाव निघालं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात भाऊंना ताप आला, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. मला वाटलं, शेजारचं दुकान आता कायमचं बंद. महिन्याभरात वहिनींनी फळ्या उघडल्या. पंक्चर काढायला त्या शिकल्या, मग ब्रेक बसवायला शिकल्या. सुरुवातीला लोक टकमक बघत, पुढे रांगेत उभे राहू लागले.

जानेवारीत वहिनींनीच चाकाला तेल घातलं. पोरांनी ते चौकात नेलं, अध्यक्षांनी फिरवलं. चाक मंदावलं, टक टक करत आलं, आणि हत्तीची सोंड दिसत होती त्या घरात थांबलं. नवी वस्ती.

सवयीनं सगळा चौक चाकाच्या मागे बघत होता. घाणेवाले खाली वाकले, आसाभोवती हात फिरवून आले आणि मोठ्यानं म्हणाले, "मांगं कोणी नाही."

मग वहिनींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, ते असते ना, तं मी म्हटलं असतं दाबला म्हणून."

"ते असते तरी दाबला नसता," वहिनी म्हणाल्या.

"मले माहीत हाये," घाणेवाले म्हणाले, आणि त्यांनीच ताशेवाल्यांना हात केला.

वस्तीच्या गाडीवर झेंडा लागला. पोरांनी वहिनींना आग्रह करून गाडीत बसवलं. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो, आणि डोळे पुसायला रंगाचं फडकंच हाताशी होतं. गाडी भाऊंच्या दुकानापुढे आली तसं वहिनींनी बंद फळ्यांकडे पाहिलं, मग उजवा अंगठा वर करून त्याच्याकडे पाहिलं. सायकलींच्या कामानं तोही आता चांगला जाड झाला होता.